गर्भवती आणि क्ष-किरण : आयांना विचारलेला एक प्रश्न

(हीरक महोत्सवी वर्षातील माता-पालक मेळाव्यात झालेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या व्यासपीठावरून मातृभाषेविषयी, परीक्षांविषयी आणि शाळेच्या जुन्या दिवसांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आजचा विषय मूल शाळेच्या दारात येण्याच्या कितीतरी आधीचा, ते आईच्या उदरात असतानाचा आहे. शाळेच्या सभागृहात क्ष-किरणांचे काय काम, असे एखाद्याच्या मनात येईल. परंतु समोर बसलेल्या माजी विद्यार्थिनींपैकी कित्येकींना बाळंतपणाच्या काळात 'फोटो काढू की नको' हा प्रश्न पडलेला असणार. आणि माहेर दूर, सासर नवे, दवाखान्यातील भाषा परकी अशा स्थितीत तो एकटीने सोडवावा लागलेला असणार. महाराष्ट्राबाहेर संसार मांडलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. या प्रश्नाचे उत्तर जगाला कसे सापडले, ही कथा सांगण्याजोगी आहे. ते उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, तर मुले गमावलेल्या आयांकडून मिळाले.

आरंभ नावापासूनच करू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्‌झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकाला आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत एका अनोळखी किरणाचा सुगावा लागला. त्याचे स्वरूप कळेना, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्या किरणाला दिले. मराठीत बीजगणित शिकवताना त्या अक्षराच्या जागी आपण 'क्ष' लिहितो, म्हणून किरणही क्ष झाले. 'हे काय आहे ते ठाऊक नाही' अशी प्रांजळ कबुली नावातच असलेली दुसरी वस्तू वैद्यकात शोधूनही सापडणार नाही. डिसेंबरात राँटगेनने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांतील एकावर अधांतरी दिसणारी अंगठी असे ते चित्र जगभर गेले, आणि अल्पावधीतच मोठमोठी रुग्णालये या यंत्राने सुसज्ज होऊ लागली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक राँटगेनलाच मिळाले.

नव्या विद्येचा असा गाजावाजा झाला की तिच्या दुसऱ्या बाजूकडे पाहण्यास कोणाला सवड राहत नाही. क्ष-किरणांवर काम करणाऱ्या पहिल्या पिढीतील कित्येकांची बोटे आणि हात भाजून निघाले, काहींचे प्राण गेले. तरीही थोड्या मात्रेत हे किरण निरुपद्रवीच आहेत हा समज टिकून राहिला. पाश्चात्त्य देशांत १९३० ते १९५० या काळात चपलांच्या दुकानांतदेखील अशी यंत्रे असत. नव्या बुटात मुलाचे पाऊल नीट बसले की नाही ते त्यातून पाहायचे! मुलांना त्याची मोठी मौज वाटे. दुकानात जी गोष्ट गिऱ्हाईक खूश करण्यासाठी वापरली जात होती, ती प्रसूतिगृहात वापरायला कोण कचरणार? बाळ पायाळू आहे का, जुळी आहेत का, आईच्या ओटीपोटाची हाडे बाळाला वाट देण्याइतकी रुंद आहेत का, हे पाहण्यासाठी गर्भवतीच्या पोटाचे फोटो काढणे ही ब्रिटनमध्ये नित्याची बाब झाली होती. डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. अडलेल्या बाळंतिणीचे हाल पाहिलेल्या माणसाला आधीच सर्व कळावे असे वाटले, तर त्यात दोष कसला?

याच काळात ऑक्सफर्डमध्ये डॉ. ॲलिस स्टुअर्ट काम करीत होत्या. त्यांचा जन्म १९०६ सालचा, शेफिल्ड शहरातला. आई आणि वडील दोघेही डॉक्टर, दोघेही बालकांच्या आरोग्यासाठी झटणारे. स्टुअर्टबाईंचे शिक्षण केंब्रिजला झाले. युद्धकाळात त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास केला होता, आणि माणसाच्या आजाराचे मूळ त्याच्या कामात, घरात, रोजच्या जगण्यात शोधण्याची दृष्टी तेथेच पक्की झाली होती. १९४६ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या त्या फेलो झाल्या. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंच्या हाती ऑक्सफर्डमध्ये सामाजिक वैद्यकाचा एक लहानसा विभाग होता. जागा थोडी, माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा.

त्यांचे सहकारी, संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ह्यूइट, मृत्यूच्या नोंदी चाळीत असता एक विचित्र गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने होणारे मृत्यू वाढत होते; आणि बालकांत त्यांची गर्दी दोन ते चार या वयात होत होती. हा रोग वय वाढेल तसा वाढत गेला असता तर नवल नव्हते. पण ज्याने अजून अंगणाबाहेर पाऊल टाकलेले नाही, कारखान्याचा धूर पाहिलेला नाही, अशा तीन वर्षांच्या पोराने असे काय भोगले असेल? स्टुअर्टबाईंचा तर्क असा की रोगाचे बीज बहुधा जन्माच्या आसपास किंवा जन्माआधीच पडलेले असावे. पण जन्माआधीच्या नऊ महिन्यांचा इतिहास कोणत्या दप्तरात मिळणार? रुग्णालयांची कागदपत्रे विखुरलेली. डॉक्टरांना शेकडो गर्भवतींपैकी कोण कोण आठवणार? ज्या एका व्यक्तीला ते दिवस तिथी-वारासकट आठवतात, ती म्हणजे आई. तेव्हा आईलाच विचारावे, असे त्यांनी ठरवले. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळच्या वैद्यकीय जगाला ती साधी वाटली नाही. आयांच्या आठवणींना शास्त्रीय पुरावा मानणे अनेकांना हास्यास्पद वाटले.

या कामासाठी पैसा मिळणे कठीण होते. शेवटी एक हजार पौंड मिळाले, आणि ते कोठून मिळाले हे ऐकून या सभागृहातील प्रत्येकाला थोडे नवल वाटेल. ते मिळाले लेडी टाटा स्मारक निधीतून. येथे विषयाला किंचित बगल द्यावी लागेल, पण हीरक महोत्सवी वर्षात ती क्षम्य ठरावी. लेडी मेहेरबाई टाटा या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यांचे वडील म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी होते. पुढे भारताच्या अणुविज्ञानाची उभारणी करणारे होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत, स्त्रीशिक्षणासाठी आणि बालविवाहाविरुद्ध झटत. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवावरून ज्याला 'ज्युबिली' हे नाव पडले तो २४५ कॅरटचा प्रचंड हिरा दोराबजींनी त्यांच्यासाठी घेतला होता. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना संकटात सापडला, तेव्हा दोराबजींनी इंपीरियल बँकेकडे स्वतःची सारी मालमत्ता गहाण टाकली. त्यात हा हिराही होता. १९३१ साली मेहेरबाई ल्युकेमियाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला, आणि काही आठवड्यांत स्वतःही जगाचा निरोप घेतला. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्यांच्याच नावाच्या विश्वस्त संस्थेने १९४१ मध्ये उभारले. एका भारतीय पतीने पत्नीच्या शोकातून ठेवलेल्या पैशातून, दोन दशकांनंतर, ऑक्सफर्डच्या एका बाईंनी इंग्लंडमधील शोकाकुल आयांची विचारपूस केली. योगायोगाच्या कथा एरवी फारशा विश्वासार्ह नसतात. ही मात्र खरी आहे.

पैसा मिळाला, पण देशभर हिंडून शेकडो घरांत जाण्यास तो कसा पुरणार? स्टुअर्टबाईंनी इंग्लंड आणि वेल्समधील आरोग्याधिकाऱ्यांना गाठले. त्यांच्या हातात प्रश्नांचे छापील कागद दिले आणि त्यांच्याच माणसांकरवी घरोघरी चौकशी करवली. १९५३ ते १९५५ या तीन वर्षांत, वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधी कर्करोगाने दगावलेली मुले शोधण्यात आली. प्रत्येक दगावलेल्या मुलासाठी त्याच भागातील, त्याच वयाचे, तोच लिंगभेद असलेले एक धडधाकट मूल निवडले गेले. दोघांच्याही आयांना तेच प्रश्न विचारले गेले. प्रश्न अनेक प्रकारचे होते. गरोदरपणात क्ष-किरण फोटो काढला होता का, हा त्यांतील केवळ एक होता.

या चौकशीचे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. मूल जाऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या घरात एक परकी व्यक्ती येते आणि त्या मुलाच्या पोटात असतानाच्या दिवसांविषयी विचारू लागते. आया दारे लावून घेतील, अशी भीती वाटावी. पण तशा १६९४ मृत्यूंपैकी १४१६ मुलांच्या कुटुंबांची माहिती मिळाली. कोणीतरी आपल्या बाळाविषयी विचारते आहे, आणि या विचारण्यातून दुसऱ्या कोणाचे मूल वाचेल, एवढे त्या आयांना पुरे झाले असावे.

कागद परत येऊ लागताच एका प्रश्नापाशी नजर थबकू लागली. १९५६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पहिले टिपण प्रसिद्ध झाले. त्यात ५४७ दगावलेली मुले आणि तितकीच निरोगी मुले होती. निरोगी मुलांपैकी ४५ जणांच्या आयांच्या पोटाचे क्ष-किरण फोटो त्या गरोदरपणात काढलेले होते. दगावलेल्या मुलांत हाच आकडा ८५ होता. ल्युकेमिया आणि इतर कर्करोग या दोन्ही गटांत कल तोच होता. १९५८ साली संपूर्ण पाहणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली आणि तिचा निष्कर्षही तोच राहिला.

आता या आकड्यांकडे नीट पाहावे, कारण येथेच अर्धवट ऐकणाऱ्याची फसगत होते. दगावलेल्या ५४७ मुलांपैकी ४६२ मुलांच्या आयांचा पोटाचा फोटो काढलेला नव्हता. म्हणजे बहुतांश मुलांच्या रोगाचे कारण हे किरण नव्हतेच. तसेच ज्या ४५ आयांचे फोटो काढले, त्यांची मुले ठणठणीत होती. ज्यांना फोटो काढावा लागला अशा आयांच्या मुलांत एरवीही विरळ असलेला एक रोग थोडा अधिक आढळला, एवढाच या आकड्यांचा अर्थ. पण जो धोका टाळता येण्याजोगा आहे आणि जो आपण आपल्या हाताने निर्माण करतो, तो थोडा असला तरी डोळ्याआड करता येत नाही.

वैद्यकीय जगाने मात्र तो बराच काळ डोळ्याआड केला. पहिला आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ज्या आईचे मूल गेले, ती त्या नऊ महिन्यांतील क्षणन्‌क्षण आठवून पाहते. ज्या आईचे मूल खेळते आहे, ती फोटोसारखी किरकोळ गोष्ट विसरून जाते. मग फरक किरणांचा की आठवणींचा? त्यातच १९६० मध्ये रिचर्ड डॉल आणि कोर्ट ब्राउन यांचा अभ्यास आला. डॉल म्हणजे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे कीर्तिमंत संशोधक. त्यांनी लंडन आणि एडिंबरो येथील रुग्णालयांच्या नोंदींतून, गर्भात असताना किरण लागलेली ३९,१६६ मुले शोधली. त्यांत ल्युकेमियाने १०.५ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात झाले ९. इतक्या मोठ्या नावाच्या माणसाने 'धोका दिसत नाही' म्हटल्यावर ऑक्सफर्डच्या बाईंचे कोण ऐकणार?

परंतु दोनच वर्षांनी अमेरिकेत ब्रायन मॅकमहॉन यांनी ईशान्येकडील ३७ रुग्णालयांत जन्मलेल्या सात लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. येथे आईच्या आठवणीचा प्रश्नच नव्हता. फोटो काढल्याची नोंद मूल आजारी पडण्याआधीच कागदावर होती. तरीही किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आणखी एक शंका दूर केली. काहींचे म्हणणे असे की ज्या गर्भवतींचे फोटो काढले जातात त्यांच्यातच मुळी काही दोष असेल. पण जुळ्यांच्या आयांचे फोटो केवळ जुळी असल्याच्या संशयावरून सर्रास काढले जात. तिथेही तोच परिणाम दिसला. अखेर १९९७ साली डॉल यांनीच, रिचर्ड वेकफर्ड यांच्यासह, सर्व पुरावा पुन्हा तपासून लिहिले की गर्भाला लागलेल्या १० मिलिग्रेएवढ्या मात्रेनेही बालपणीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हा आयांनी दिलेल्या पहिल्या उत्तरांना चार दशके लोटली होती. आपले पूर्वीचे मत बदलून तसे छापण्यास मोठ्या माणसाला जो मोठेपणा लागतो, तो डॉल यांनी दाखवला हेही मान्य केले पाहिजे.

आता 'मिलिग्रे' म्हणजे काय, हे सांगणे आले. शरीराने किती किरणोत्सर्ग शोषला ते मोजण्याचे हे माप. जमिनीतून, दगडामातीतून, आकाशातून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग आपणा सर्वांच्या अंगावर अहोरात्र पडत असतो. नऊ महिन्यांत गर्भालाही त्यातील अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच. त्यातून राजाचे मूल सुटत नाही आणि रंकाचेही नाही. त्याच्या शेजारी आजच्या तपासण्या ठेवून पाहाव्यात. छातीच्या फोटोत गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा एक शतांश मिलिग्रेपेक्षाही कमी, म्हणजे फार तर चार-पाच दिवसांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढी. हाताच्या, पायाच्या फोटोत ती त्याहूनही कितीतरी कमी. दाताच्या फोटोतही नगण्यच. कारण स्पष्ट आहे : किरणांचा झोत पोटावर नसतोच. पोटाच्या साध्या फोटोत मात्र ही मात्रा एक दशांश ते तीन मिलिग्रेपर्यंत जाते, आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये १० ते ५० पर्यंत. म्हणूनच 'क्ष-किरण चांगले की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. शरीराच्या कोणत्या भागाचा फोटो, कितवा महिना आणि कशासाठी, एवढे विचारले तरच त्याला अर्थ येतो.

धोक्याचेही दोन प्रकार वेगळे ठेवावेत. बाळात व्यंग निर्माण होणे, मेंदूची वाढ खुंटणे हे परिणाम हिरोशिमा-नागासाकीच्या गर्भवतींच्या मुलांत दिसले. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात गर्भाचा मेंदू विशेष नाजूक असतो. परंतु त्यासाठी लागणारी मात्रा मोठी असते. ५० मिलिग्रेखाली असे परिणाम आढळलेले नाहीत, आणि साध्या फोटोने तेथवर जाता येत नाही. दुसरा धोका स्टुअर्टबाईंनी दाखवलेला, बालपणीच्या कर्करोगाचा. मोठे होईपर्यंत कर्करोग होणारी मुले एरवी साधारण हजारात दोन असतात. १० मिलिग्रेची मात्रा लागलेल्या गर्भांत हा आकडा हजारात दोनाचा अडीच-पावणेतीन होतो. हे सांगताना ना आवाज चढवण्याचे कारण आहे, ना दडवण्याचे. हजारातील त्या अर्ध्या-पाऊण मुलाचेही आई-वडील असतात. आणि उरलेल्या जवळजवळ हजार आयांना उगाच घाबरवण्याचा अधिकारही कोणाला नाही.

घाबरवण्याची किंमत काय असते, ते १९८६ मध्ये ग्रीसने पाहिले. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तेथून शेकडो मैल दूर असलेल्या ग्रीसमध्ये पोहोचलेला किरणोत्सर्ग वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेहूनही कमी होता. पण अफवा उठल्या, वर्तमानपत्रांतून परस्परविरोधी मजकूर येऊ लागला, आणि डॉक्टरांनाही गर्भवतींना ठामपणे काही सांगता येईना. पुढल्या जानेवारीत देशातील जन्मांची संख्या एकदम खाली आली. ग्रीक डॉक्टरांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, लवकरच्या महिन्यांत असलेल्या गर्भवतींपैकी सुमारे २३ टक्के स्त्रियांनी गर्भपात करून घेतला होता. हवीहवीशी असलेली सुमारे अडीच हजार बाळे किरणोत्सर्गाने नव्हे, भीतीने गेली. ऑक्सफर्डच्या पाहणीसोबत हे प्रकरण सांगितल्याखेरीज तो विषय पुरा होत नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने तर स्पष्टच नमूद केले आहे की १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेसाठी, केवळ किरणांच्या कारणावरून गर्भपात करणे समर्थनीय नाही.

आपल्याकडे ही भीती वेगळ्या वेषात येते. ग्रहणात गर्भवतीने विळी-सुरी हाती धरू नये, बाहेर पडू नये हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या घरांत अदृश्य किरणांचे भय लगेच रुजते. ते भय मायेपोटीच असते, म्हणून त्याची थट्टा करू नये. पण एक उदाहरण पाहावे. पाचव्या महिन्यातील सुनेला तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट होते. डॉक्टर थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो लिहून देतात. घरात ठरते की 'बाळंतपण होऊ दे, मग बघू.' जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या देशात हा निर्णय फार महाग पडू शकतो. क्षय असलाच तर तो तिची फुप्फुसे पोखरत राहील, बाळाचे वजन घटेल आणि जन्मल्यावर बाळ तिच्याच कुशीत तिच्याच श्वासातून तो घेईल. त्या फोटोत बाळाला लागणारी मात्रा चार-पाच दिवसांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढी, हे आताच सांगितले आहे. अपघातात मोडलेला हात, सुजलेली दाढ, यांबाबतही तेच. आईच्या उपचारासाठी खरोखर हवा असलेला फोटो नाकारणे म्हणजे बाळाची काळजी घेणे नव्हे.

पोटाच्या फोटोचे मात्र तसे नाही, आणि तेथे दुसरी सोय पूर्वीच झाली आहे. स्टुअर्टबाईंची पाहणी छापून आली त्याच जून १९५८ मध्ये, ग्लासगोच्या इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी पोटातील चित्र पाहण्याच्या पद्धतीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. तीच आजची सोनोग्राफी. तिच्यात क्ष-किरण नसतात, एमआरआयमध्येही नसतात. जुळी आहेत का, बाळ पायाळू आहे का, हे पाहण्यासाठी आता गर्भाला किरण दाखवण्याची गरज उरलेली नाही. ज्या यंत्राने गर्भाची किरणांतून सुटका केली त्याच यंत्राचा वापर आपल्या देशात मुली शोधून मारण्यासाठी झाला आणि १९९४ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला, हे आठवले की मान खाली जाते. पण तो दोष यंत्राचा नव्हे.

राहता राहिला दवाखान्यातील प्रत्यक्ष प्रसंग. एक्स-रेच्या खोलीबाहेर 'आपण गर्भवती असल्यास आधी सांगा' अशा अर्थाची पाटी असते. ती बहुधा इंग्रजीत आणि त्या राज्याच्या भाषेत असते. नव्याने लग्न होऊन परराज्यात आलेल्या मराठी मुलीला ती वाचता येईलच असे नाही. आणि वाचता आली, तरी सोबत सासरे किंवा दीर असताना 'पाळी चुकली आहे' हे परक्या पुरुषाला सांगायचे कसे? जीभ रेटत नाही. म्हणून सोबत कोण जाणार याचा विचार घरातील मोठ्यांनी आधीच करावा. सासूबाई, जाऊ, नणंद यांपैकी कोणीतरी बरोबर असावे. तेथील भाषेतील ते एक वाक्य घरीच शिकवून ठेवावे. नवऱ्याला तर ते यायलाच हवे. पोटाचा किंवा कंबरेचा फोटो, सीटी स्कॅन असेल आणि पाळीला चार दिवस जरी उशीर झाला असेल, तर तसे सांगावे. थांबणे शक्य असेल तर डॉक्टर थांबवतील, सोनोग्राफीवर भागत असेल तर भागवतील, आणि तातडीचे असेल तर कमीत कमी मात्रेत काढतील. हा निर्णय त्यांचा. मात्र तो त्यांना घेता यावा म्हणून खरी माहिती देणे आपले काम आहे.

आणि फोटो काढून झाल्यावर दिवस गेल्याचे कळले तर? हा प्रसंग वाटतो त्याहून अधिक घरांत येतो. रडून रात्र काढू नये, शेजारणीच्या सल्ल्याने औषध तर मुळीच घेऊ नये. ज्या दिवशी फोटो काढला ती तारीख, शरीराचा भाग, किती फोटो काढले आणि कोठे काढले, एवढे लिहून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. साध्या फोटोच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा लगेचच आणि दिलासा देणारे मिळते; ओटीपोटाचे सीटी स्कॅन अनेकदा झाले असेल तर मोठ्या रुग्णालयातील किरणविज्ञान विभागाकडून गर्भाला लागलेली मात्रा मोजून घेता येते. तो कागद बाळंतपणाच्या फायलीत, रक्तगटाच्या आणि लशींच्या नोंदींशेजारी लावून ठेवावा आणि मूल शाळेत जाऊ लागले तरी फाईल रद्दीत जाऊ देऊ नये.